लोणारच्या काठावरून चंद्राकडे पाहताना

(राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या निमित्ताने अकोला येथे कार्यकर्ते व नागरिक कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)



२३ ऑगस्ट २०२३ ची सायंकाळ आपल्यापैकी कोणीही विसरलेला नाही. घराघरांत दूरदर्शन संच सुरू होते, देवघरात निरांजने लागली होती आणि सहा वाजून गेल्यानंतर ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशात अलगद उतरले. चारच वर्षांपूर्वी, ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे, चांद्रयान-२ चे अवतरक शेवटच्या टप्प्यात हातून निसटले होते. त्या अपयशाचा प्रत्येक तपशील तपासून, चुका मान्य करून, पुन्हा उभे राहून मिळवलेले हे यश होते. म्हणूनच त्याची गोडी अधिक. २६ ऑगस्टला त्या अवतरणस्थानाला ‘शिवशक्ती’ हे नाव जाहीर झाले आणि पुढे मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानेही त्यास मान्यता दिली.

पण आज मी आपल्याला त्या सायंकाळविषयी सांगणार नाही. त्यानंतर चार दिवसांनी घडलेल्या एका लहानशा प्रसंगापासून आरंभ करणार आहे. २७ ऑगस्ट रोजी, चंद्राच्या भूमीवर सावकाश चालणाऱ्या ‘प्रज्ञान’ बग्गीला समोर एक खड्डा दिसला. चार मीटर व्यासाचा, तीन मीटर अंतरावर. बंगळुरूहून आज्ञा गेली, बग्गी मागे फिरली आणि दुसऱ्या सुरक्षित वाटेने निघाली. वृत्तपत्रांत दोन ओळींची बातमी आली आणि आपण ती विसरूनही गेलो.

चार मीटर म्हणजे केवढे? आपण बसला आहात त्या सभागृहाचे हे व्यासपीठ त्यात जेमतेम मावेल. एवढ्याशा खड्ड्याला विज्ञानात ‘आघात विवर’ म्हणतात. अवकाशातून सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने आलेला, कलिंगडाएवढा एखादा दगडही असे विवर खणण्यास पुरेसा असतो. आपल्या पृथ्वीवर असा दगड आला तर वातावरणाच्या घर्षणात त्याची बरीचशी राख होते. आपण त्याला ‘तारा तुटला’ म्हणतो. चंद्राला वातावरण नाही. तिथे कोणतेही कवच मध्ये येत नाही. जो येतो तो थेट भूमीवर आदळतो. आणि तिथे पाऊस नाही, नदी नाही, वारा नाही, शेतकऱ्याचा नांगर नाही. म्हणून एकदा पडलेला घाव कोट्यवधी वर्षे तसाच राहतो. चंद्राचा चेहरा म्हणजे सूर्यमालेच्या इतिहासाची बखर आहे आणि तिचे प्रत्येक अक्षर म्हणजे एक विवर आहे.

ही बखर वाचायची कशी, हे शिकण्यासाठी मात्र चंद्रावर जावे लागत नाही. अकोल्याहून पातूरचा घाट ओलांडून, मालेगाव, मेहकर करीत निघालात तर काही तासांत आपण त्या बखरीच्या एका पानावर उभे असता. त्या पानाचे नाव लोणार.

वऱ्हाडातील चंद्रभूमी

लोणार आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. काहींनी मुलांच्या सहलीत, काहींनी कमळजा देवीच्या दर्शनाला जाताना. बुलढाणा जिल्ह्यातील या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि काठापासून पाण्यापर्यंतची खोली दीडशे मीटरच्या आसपास. दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तर त्यांचे टोक जेमतेम काठाशी येईल, एवढा हा खोल वाडगा आहे. भोवतालच्या शेतजमिनीपेक्षा त्याची कडा वीस-तीस मीटर उंच उचललेली आहे.

आता त्याचे मोल कशात आहे, ते पाहू. आपले वऱ्हाड, किंबहुना जवळपास सारा महाराष्ट्र, ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बनलेला आहे. त्याला बसाल्ट म्हणतात. आपल्या कपाशीची काळी जमीन त्याचीच लेक. आणि पौर्णिमेच्या चंद्रावर आपल्याला जे काळसर डाग दिसतात, ज्यांना आपण ससा किंवा हरीण म्हणतो, ती मैदानेही बसाल्टचीच आहेत. पृथ्वीवर आजवर सुमारे दोनशे आघात विवरे ओळखली गेली आहेत. भारतात मध्य प्रदेशातील ढाला, राजस्थानातील रामगढ आणि कच्छमधील लुना ही नावे त्यात येतात. परंतु यांतील बहुतेक विवरे वालुकाश्म, चुनखडी, ग्रॅनाइट अशा खडकांत आहेत. बसाल्टमध्ये पडलेली विवरे अगदी मोजकी आणि त्यांतही इतके सुस्पष्ट, वाडग्यासारखे टिकून राहिलेले विवर म्हणजे लोणार. चंद्रावरील विवरांशी पाषाणाच्या जातीनेच नाते सांगणारे असे स्थान जगात दुसरे सहजी सापडत नाही.

चंद्रावर ‘प्रसन्नतेचा सागर’ नावाचे एक बसाल्टचे मैदान आहे. त्यात ‘लिने’ नावाचे सव्वादोन किलोमीटर रुंदीचे एक लहान विवर आहे. आकाराने लोणारचे थोरले भावंडच म्हणा. त्याची खोली सुमारे अर्धा किलोमीटर आहे. लोणार तेवढे खोल दिसत नाही, कारण पृथ्वीवर पाऊस पडतो. हजारो वर्षे चारी बाजूंनी माती वाहून आली आणि तळाशी सुमारे शंभर मीटर गाळ साचला. लिने जणू काल घडल्यासारखे आहे, लोणारवर काळाने आपली घडी घातली आहे. त्याच प्रसन्नतेच्या सागरात आणखी एक विवर आहे. सुमारे आठ किलोमीटर रुंद आणि १.७ किलोमीटर खोल. त्याचे नाव ‘साराभाई’. भारतीय अंतराळ कार्यक्रमाचे जनक डॉ. विक्रम साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी गेले आणि १९७३ मध्ये त्यांचे नाव या विवराला देण्यात आले. चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने टिपलेली त्या विवराची छायाचित्रे इस्रोने २०२० मध्ये प्रसिद्ध केली. ज्याने स्वप्न पाहिले त्याच्या नावाचे विवर, त्याच्या शिष्यपरंपरेने घडविलेल्या यानाने पाहिले. गुरुऋण फेडण्याची याहून सुंदर रीत कोणती असेल?

१९७३ हे वर्ष ध्यानात ठेवा. त्याच वर्षी लोणारच्या भाग्यातही एक मोठी घटना घडली.

दीडशे वर्षांचे कोडे

लोणारचा उल्लेख आपल्याकडे जुना आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त मेहकर सरकारच्या वर्णनात या सरोवराचा आणि त्याच्या क्षारांचा निर्देश येतो. साबण व काच बनविण्यासाठी या क्षारांचा उपयोग होई आणि सरोवरातून निघणाऱ्या क्षारांच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने हे सरोवर पाहिले आणि युरोपीय अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले. हे विवर कसे झाले, हा प्रश्न त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे वादात राहिला.

बहुतेकांचे उत्तर होते, ज्वालामुखी. ते स्वाभाविकही होते. भोवताली सारा लाव्हारसाचाच खडक. १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी लोणारवर विस्तृत लेखन केले, त्यांचाही कल भूगर्भातील वायूच्या स्फोटाकडेच होता.

या संदर्भात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ग्रोव्ह गिल्बर्ट हा अमेरिकेचा मोठा भूशास्त्रज्ञ. १८९२ मध्ये त्याने चंद्राचा दुर्बिणीतून अभ्यास केला आणि ठामपणे सांगितले की चंद्रावरील विवरे ज्वालामुखीची नव्हेत, ती आघाताने झाली आहेत. त्या काळी हे मत धाडसाचे होते आणि ते खरे ठरले. पण त्याच्याच देशात, ॲरिझोनाच्या वाळवंटात, आघाताने झालेले सव्वा किलोमीटरचे विवर होते. ते त्याने प्रत्यक्ष पायी हिंडून पाहिले आणि निष्कर्ष काढला की हे वाफेच्या स्फोटाने झाले असावे! त्या मताला आधार म्हणून त्याने आपल्या लोणारचेही उदाहरण घेतले. तेही ज्वालामुखीच्या खडकात आहे ना, म्हणून. पौने चार लाख किलोमीटरांवरचे विवर त्याला बरोबर ओळखता आले, पायाखालचे ओळखता आले नाही. ॲरिझोनाच्या विवराचा निर्णायक पुरावा मिळण्यास १९६० साल उजाडावे लागले.

बंधूंनो, गिल्बर्टला हसण्याचे कारण नाही. त्याने हाती असलेल्या पुराव्यावरून प्रामाणिकपणे विचार केला होता. पण चंद्रावर दृष्टी आणि पायाखालच्या भूमीचे विस्मरण, हा दोष केवळ त्याचा होता का, याचा विचार आपण व्याख्यानाच्या शेवटी करू.

लोणारच्या कोड्याकडे परत येतो. १९६४ मध्ये लाफाँ आणि डिएट्झ या दोघांनी हे उल्कापाताचे विवर असावे असा पक्ष मांडला. १९७२ मध्ये सागर विद्यापीठाचे व्ही. के. नायक यांनी लोणार येथील काचसदृश पदार्थांचा अभ्यास करून त्या पक्षाला बळ दिले. आणि १९७३ मध्ये ‘सायन्स’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् या चौघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. यांतील दुबे आणि बालसुंदरम् हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे. विवराच्या तळाला छिद्रे पाडून, काठावर चर खणून त्यांनी पुरावा बाहेर काढला होता.

पाषाणाची साक्ष

तो पुरावा काय होता, हे समजून घेण्यासारखे आहे. बसाल्टमध्ये फेल्डस्पार वर्गाचे एक खनिज असते. त्याचे अणू शिस्तबद्ध रांगांत उभे असतात, जणू संघस्थानावर संपत झाल्यावर स्वयंसेवक उभे राहतात तसे. ज्वालामुखीच्या उष्णतेने खनिज वितळते, वाहते, त्याचा आकारच जातो. पण अशनीच्या आघातात, क्षणाच्याही अंशात, लक्षावधी वातावरणांएवढा दाब येऊन जातो. त्या दाबाने खनिजाच्या कणाचा बाह्य आकार तसाच राहतो, मात्र आतील रांगा मोडून जातात. मैदान तेच, माणसे तीच, पण रांगा नाहीत. अशा अवस्थेतील पदार्थाला मॅस्केलिनाइट म्हणतात. पृथ्वीवरील कोणताही ज्वालामुखी तो निर्माण करू शकत नाही. लोणारच्या तळातील खडकाच्या चुऱ्यात तो सापडला. त्याबरोबर आघाताच्या लहरींनी शंकूच्या आकारात तडकलेले खडक सापडले आणि काठावर वितळलेल्या पाषाणाचे काचेसारखे गोल मणी सापडले.

हे मणी अपोलो मोहिमांतील यात्रींनी चंद्रावरून आणलेल्या मातीतील मण्यांशी जवळचे साम्य दाखवीत होते. १९६९ ते १९७२ या काळात मानवाने चंद्रावर जाऊन जे आणले, त्याचे भावंड आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या मातीत पडून होते.

काठावर उभे राहून पाहिले तर आणखी एक साक्ष साध्या डोळ्यांनाही दिसते. वऱ्हाडात बसाल्टचे थर आडवे असतात, कोणत्याही घाटात पाहा. लोणारच्या कडेला मात्र ते बाहेरच्या बाजूस कललेले आहेत आणि काही ठिकाणी पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटलेले आहेत. आतून बाहेर फेकला गेलेला मालमसाला काठापासून किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरलेला आहे.

हा आघात केव्हा झाला? आरंभीच्या एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे असे उत्तर आले होते आणि ते बरीच वर्षे पाठ्यपुस्तकांत होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आरगॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या कालमापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे उत्तर दिले. आज अभ्यासक या मोठ्या आकड्याकडे झुकतात. विज्ञान असेच चालते. कालचे उत्तर आज सुधारले जाते आणि त्यात कोणाचा मानभंग होत नाही.

एका मुलीचा प्रश्न

मुलांच्या सहलींबरोबर मी अनेकदा लोणारला गेलो आहे. एकदा दैत्यसूदन मंदिर पाहून आम्ही काठावर आलो. मंदिरात लवणासुराची कथा सांगून झाली होती. लवणासुर नावाचा दैत्य भूमीखालच्या विवरात राहत असे, भगवान विष्णूंनी दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याच्या बिळावरचे झाकण उडविले आणि त्याचा वध केला. तेच हे सरोवर. काठावर मी मुलांना अशनीची, मॅस्केलिनाइटची, चंद्राची माहिती सांगितली. सातवी-आठवीतील एक मुलगी शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, “सर, मग ती मंदिरातली गोष्ट खोटी का?”

मी त्या क्षणी दिलेले उत्तर मला समाधान देणारे नव्हते. परतीच्या प्रवासात आणि त्यानंतरही तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला. आज मी जे सांगतो ते तिला द्यायला हवे होते असे उत्तर आहे.

या प्रश्नाला आपल्या समाजात दोन सोपी उत्तरे दिली जातात आणि दोन्ही चुकीची आहेत. एक उत्तर म्हणजे, ‘हो, सारे थोतांड आहे.’ ज्यांना स्वतःच्या समाजाच्या स्मृतीची लाज वाटते त्यांचे हे उत्तर. या कथेमुळेच शेकडो वर्षे या विवराला तीर्थ मानले गेले, काठावर आणि तळाशी मंदिरे उभी राहिली, धारेचे गोड पाणी पवित्र मानून जपले गेले, कमळजा देवीच्या भोवतालचे झाड तोडताना हात थबकला. राखणदार नेमण्याची व्यवस्था नव्हती तेव्हा श्रद्धाच राखणदार होती. हे ज्याला दिसत नाही, त्याची दृष्टी अपुरी आहे.

दुसरे उत्तर आपल्या बाजूचे आहे आणि म्हणून त्याविषयी अधिक सावध असले पाहिजे. ते असे की, ‘पाहा, आमच्या पूर्वजांना उल्कापात ठाऊक होता, त्यांनी तो पाहिला आणि पुराणात लिहून ठेवला.’ हल्ली भ्रमणध्वनीवर असे संदेश फिरतात आणि चांगले शिकलेले कार्यकर्तेही ते पुढे पाठवितात. आपण जरा गणित करू. आपण ज्या मानवजातीचे आहोत तिचे आजवर सापडलेले सर्वांत जुने अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. आघात त्याहूनही जुना. तो पाहून सांगणारा आपल्यासारखा माणूस तेव्हा नव्हता. मग कथेत झाकण उडाले, खळगा पडला, खारट रक्त सांडले हे सारे कोठून आले? ते निरीक्षणातून आले. आपल्या पूर्वजांनी उचललेला काठ पाहिला, वाडग्यासारखा आकार पाहिला, पाण्याचा खारेपणा चाखला आणि या साऱ्याला एकत्र बांधणारी एक कथा रचली. ते निरीक्षण सूक्ष्म होते, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण जे त्यांनी म्हटले नाही, ते त्यांच्या मुखी घालणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

यावर आपल्याच परंपरेतील दाखला देतो. ग्रहणाची राहू-केतूची कथा आपल्या घराघरांत होती. तरीही इ. स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आर्यभटाने स्वच्छ सांगितले की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते. त्याला कोणी धर्मद्रोही ठरवून जाळले नाही. कथा कीर्तनात राहिली, गणित पंचांगात गेले. ग्रहणाची वेळ आर्यभटाच्या मार्गाने काढायची आणि स्नान, दान, जप आपल्या श्रद्धेने करायचे, हे आपल्या समाजाला जमले. कथेने गणिताची जागा मागितली नाही आणि गणिताने कथेला हाकलून दिले नाही. याच आर्यभटाच्या नावाचे विवर आज चंद्रावर आहे.

म्हणून त्या मुलीला माझे उत्तर असे आहे : बाळ, ती गोष्ट खोटी नाही. ही जागा जपायची का, हे ती सांगते. ही जागा झाली कशी, हे खडक सांगतो. ज्याला जे विचारायचे तेच विचार. आणि खडकाची साक्ष काढायला तूच पुढे ये, कारण ते काम अजून संपलेले नाही.

ते खरोखरच संपलेले नाही. मुख्य विवराच्या उत्तरेस सुमारे सातशे मीटरांवर अंबर तळे आहे, त्याला छोटे लोणार म्हणतात. तेही त्याच अशनीच्या तुकड्याने झाले का, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. आपल्या वऱ्हाडातील एखादा विद्यार्थी, एखादी विद्यार्थिनी हे कोडे का सोडवू नये?

काठावरचे प्रश्न

आता जे सांगायचे आहे ते थोडे कटू आहे.

लोणारचे पाणी सामान्य नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी आत येते, बाहेर जाण्यास वाट नाही, उन्हाने वाफ होते आणि क्षार मागे उरतात. खारे पाणी आपल्या खारपाणपट्ट्यातील माणसाला नवे नाही, पण लोणारचे पाणी त्याहून निराळे आहे. ते सोड्याचे, तीव्र अल्कधर्मी पाणी आहे. त्याचा सामू दहाच्या घरात मोजला गेला आहे. त्यात नीलहरित शैवाले आणि अतिसूक्ष्म जीव यांची एक वेगळीच सृष्टी नांदते. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर कुतूहल निर्माण झाले. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की, पाणी आटून क्षारता वाढल्यामुळे क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांची वाढ झाली आणि त्यांच्या रंगद्रव्याने हा रंग आला. त्याच वर्षी लोणारला ‘रामसर’ पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरनंतरचे हे महाराष्ट्रातील दुसरे स्थळ. १९७९ पासून ते राष्ट्रीय भूवारसा स्मारक आहे आणि २००० सालापासून वन्यजीव अभयारण्यही.

एवढे मानसन्मान असूनही प्रश्न उरतातच. गावाचे सांडपाणी सरोवराकडे जाणे, वेड्या बाभळीचे माजलेले रान, प्लास्टिक, काठावरची बांधकामे, या साऱ्यांविषयी वर्षानुवर्षे तक्रारी झाल्या आणि संवर्धनाचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला. या सरोवरात बाहेरचे गोडे पाणी प्रमाणाबाहेर आले, तर ते ‘स्वच्छ’ होत नाही, ते मरते. कारण त्याचा खारेपणा हाच त्याचा प्राण आहे. हजारो वर्षांत जमलेली रासायनिक घडी एकदा विस्कटली, तर ती पुन्हा बसविणे कोणत्याही शासनाच्या हाती नाही.

शासनाने काय करावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. आपण काय करावे, एवढेच मी बोलतो.

पहिली गोष्ट, लोणारहून दगड आणू नका. काठावरच्या एका काचमण्यात संपूर्ण आघाताची कथा असते. तो आपल्या दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात आला की मुका होतो. कोणत्या थरात, कोणत्या दिशेला पडला होता, हेच त्याचे मोल होते. एका सहलीत एका विद्यार्थ्याच्या खिशातून असा दगड निघाला. मी त्याला रागावलो नाही. आम्ही दोघे मागे चालत गेलो आणि त्याने तो जिथून उचलला होता तिथेच ठेवला. पंधरा मिनिटे गेली, बस थांबली. पण त्या मुलाला त्या दिवशी जे कळले ते पुस्तकाने कळले नसते.

दुसरी गोष्ट, सरोवरात उतरताना साबण, तेल, प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य काहीही आत नेऊ नका. देवीला वाहिलेले फूल परत आणण्यात अधर्म नाही.

तिसरी गोष्ट, अकोला, वाशीम, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांतील प्रत्येक शाळेची एक तरी सहल लोणारला जावी आणि ती केवळ दर्शनाची वा छायाचित्रांची नसावी. जाण्यापूर्वी आठ दिवस शिक्षकांनी खडकांचे प्रकार, चंद्राची विवरे, दैत्यसूदनाचे शिल्प, क्षारांचा जुना उद्योग हे शिकवावे. आपल्यातील निवृत्त शिक्षक, अभियंते, प्राध्यापक यांनी या कामी वेळ द्यावा. सेवाकार्य म्हणजे केवळ धान्य आणि औषधे वाटणे नव्हे. ज्ञान पोहोचविणे हेही सेवाकार्यच आहे.

आणि चौथी गोष्ट, खऱ्या माहितीचा आग्रह. लोणारविषयीचा एखादा चमत्कारिक संदेश आला तर पुढे पाठविण्यापूर्वी क्षणभर थांबा. ज्या संघटनेने आपल्याला शिस्त शिकविली, तिने वाणीचीही शिस्त शिकविलेली आहे. राष्ट्राभिमान खोट्या पायावर उभा करावा लागत नाही. खरे तेवढेच पुरेसे आहे आणि ते पुष्कळ आहे.

समारोप

१५ ऑगस्ट २००३ रोजी लाल किल्ल्यावरून अटलजींनी चांद्रयानाची घोषणा केली. २००८ मध्ये पहिले यान गेले, त्याने चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखविल्या. २०१९ मध्ये आपण पडलो. २०२३ मध्ये उभे राहिलो. आज शिवशक्ती हे नाव चंद्राच्या नकाशावर आहे आणि मंगळावरील एका विवराला आपल्या लोणारचे नाव आहे. वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावाचे नाव दुसऱ्या ग्रहावर कोरले गेले आहे. पण मंगळावरचे लोणार जपण्याची चिंता कोणाला करावी लागत नाही. तिथे सांडपाणी नाही आणि सहलीही नाहीत. जपायचे आहे ते हे, पातूरच्या घाटापलीकडचे.

गिल्बर्टने चंद्रावरचे विवर ओळखले आणि आपल्या भूमीवरचे त्याला ओळखता आले नाही. त्याला निदान पुरावा उपलब्ध नव्हता. आपल्याला पुरावा मिळून पन्नासहून अधिक वर्षे झाली. चंद्रावर तिरंगा पोहोचला म्हणून पेढे वाटणारे आपण, घरापासून काही तासांवरच्या चंद्रभूमीत कचरा टाकून येत असू, तर त्या पेढ्यांना अर्थ नाही.

ती लहानशी बग्गी चार मीटरांच्या खड्ड्यापासून तीन मीटर अलीकडे थांबली, कारण तिने समोर पाहिले, आज्ञा ऐकली आणि वाट बदलली. लोणारच्या बाबतीत वाट बदलण्याएवढे अंतर अजून शिल्लक आहे. येत्या हिवाळ्यात आपल्या कुटुंबासह लोणारला जा. मुलांना मंदिरातील कथा सांगा, काठावर खडकाची साक्ष दाखवा, आणि येताना तिथला एक खडाही न घेता, आपला एक कागदही न टाकता परत या. एवढेच मागणे आहे.

भारत माता की जय!